दुखत नसेल तर

डब्याचं झाकण लागत नव्हतं. सुचेता ते तळहातानं दाबत होती, आणि माझ्याकडे पाठ करूनच ती म्हणाली, "अण्णा, रविवारी तुमच्यामुळे माझा जीव भांड्यात पडला."

मी पेपर वाचत होतो. कशामुळे, असं मी विचारलं. पण विचारताना माझं निम्मं लक्ष पेपरातच होतं. ती म्हणाली, "तेच, हळदीकुंकवातलं. दुखत नसेल तर घाबरू नका, असं सांगितलंत ना तुम्ही. मी उगीचच दिवाळीपासून..." एवढ्यात झाकण लागलं आणि वाक्य तिथंच राहिलं. तिनं डबा पिशवीत टाकला, येते म्हणाली आणि जिना जवळजवळ धावतच उतरली. इलेक्ट्रॉनिक सिटीला जाणारी तिच्या कंपनीची बस पावणेआठला चौकात येते आणि कुणासाठी थांबत नाही. मी खिडकीतून पाहिलं. माझी सून बसमध्ये चढली, बस गेली. मी पेपर खाली ठेवला, आणि ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की असं कुणी म्हणालंच नव्हतं. मी सांगितलं होतं खरं. पण जिच्या तोंडचं म्हणून सांगितलं, ती ते म्हणाली नव्हती.

जयनगरातल्या आमच्या महिला मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. कावेरीअक्का मंडळाच्या अध्यक्षा. तीन पिढ्या बंगळुरात गेलेल्या, त्यामुळे बोलण्यात दर चौथा शब्द कन्नड. यंदा वाणाबरोबर बायकांच्या उपयोगाचं काही द्यायचं असं त्यांनी ठरवलं आणि येलहंकाहून चंपा नावाच्या एका बाईला बोलावलं. चंपाला सत्ताविसाव्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला होता. त्याला आता पाच वर्षं होऊन गेली होती. ती बरी होती, शिवणकाम करत होती, आणि जिथं कुणी बोलावील तिथं जाऊन सांगत होती की महिन्यातून एकदा आपलं अंग आपण चाचपून बघा, आणि हाताला काही लागलं तर लगेच दाखवा. तिला कन्नडशिवाय काही येत नव्हतं. मंडळातल्या निम्म्या मुली आता पुण्यामुंबईच्या, कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांमागून आलेल्या; 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, यापुढे त्यांची गाडी जात नाही. कावेरीअक्का मला म्हणाल्या, "शरच्चंद्रराव, तुम्ही कोर्टात दुभाषी होता. आमचं मराठी ऐकून त्या पोरी नगतात, हो, हसतात. तुम्हीच सांगा त्यांना." मला नाही म्हणता येत नाही. आयुष्यात मी ज्या गोष्टी केल्या त्यांतल्या बऱ्याचशा नाही म्हणता न आल्यामुळे केल्या.

दुभाषाचा एक नियम असतो. साक्षीदार 'मी' म्हणाला की दुभाषानंही 'मी'च म्हणायचं. 'साक्षीदार म्हणतो की' असं म्हणायचं नाही. मध्ये दुसरा माणूस आहे हे कोर्टाला जाणवता कामा नये. सीमेवरच्या एका तालुक्याच्या गावी एकतीस वर्षं मी हेच केलं. मी विहिरीत उडी घेतली, मी माझ्या भावाला कुऱ्हाड मारताना पाहिलं, मी आठ महिन्यांची गरोदर होते, असं सगळं मी कन्नडात, सरळ आवाजात, न्यायाधीशांच्या टेबलाकडे बघून म्हटलेलं आहे. तिथं कुणी हसत नसे. रविवारी मी त्याच सवयीनं उभा राहिलो. साठ बायका, एकटा मी पुरुष, आणि शेजारी चंपा. ती बोलली, थांबली, आणि मी म्हटलं, "मी सत्तावीस वर्षांची होते. माझा मुलगा अजून अंगावर पीत होता."

हॉल हसला. मागून एक आवाज आला, "अय्या, अण्णा, मग मुलगा काय म्हणाला?" आणि मग तर खुर्च्यासुद्धा हलल्या. चंपालाही हसू आलं, कशाला ते न कळता. मला राग आला नाही. माझे कान तापले आणि समोरच्या चेहऱ्यांचं एकच काहीतरी झालं. तिथून मी 'त्या म्हणतात' वर आलो. चंपा 'मोले' हा शब्द हात किंवा पाय म्हणावा तसा म्हणत होती. मी दर खेपेला 'छाती' म्हणत होतो. शेवटी ती म्हणाली, "नोविल्ल अंत बिडबेडि." दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका. लगेच पुढे म्हणाली, "हेदरबेडि, बेग तोरिसि." घाबरू नका, लवकर दाखवा. मला खाली बसायची घाई झाली होती. पहिल्या वाक्याचं डोकं आणि दुसऱ्याची मान एकत्र शिवून मी म्हणालो, "दुखत नसेल तर घाबरू नका," आणि बसलो. ज्यांना कन्नड येत होतं त्यांनी चंपाचं ऐकलं होतं, त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ज्यांना येत नव्हतं त्यांनी मान हलवली. सुचेता तिसऱ्या रांगेत होती.

बस गेल्यानंतर मी पुष्कळ वेळ खिडकीपाशीच होतो. चूक झाली तर ती दुरुस्त करता येते, एवढं मलाही कळतं. साठ घरी निरोप धाडता येतो, कावेरीअक्कांना सांगता येतं. निरोपाचं काम मी सकाळीच कावेरीअक्कांवर सोपवलंही. पण त्या वाक्यातला 'दिवाळीपासून' हा शब्द घरात राहिला होता, आणि तो मी सोडून कुणी ऐकलेला नव्हता. त्रिविक्रम, माझा मुलगा, कंपनीच्या कामावर सहा महिने अमेरिकेत. घरात ती आणि मी. ती सून होऊन आल्यापासूनच्या चार वर्षांत आम्ही दोघांनी न बोलता या तीन खोल्यांचा एक नकाशा तयार केला होता. स्वयंपाकघरात जाण्यापूर्वी मी खाकरतो. ती न्हाणीघरात आतले कपडे टॉवेलखाली वाळत घालते, आणि मी त्या टॉवेलकडे बघत नाही. दोरीवरचे बाकीचे कपडे मी काढून घड्या घालतो. तो टॉवेल ती येईपर्यंत तसाच. ती आजारी असली तर 'बरं नाही' म्हणते, मी 'विश्रांती घे' म्हणतो. या नकाशात कुठंही असा दरवाजा नव्हता, ज्यातून एका सासऱ्यानं सुनेपाशी जाऊन म्हणावं, की बाई, तुझ्या स्तनात गाठ आहे का. खाकरून जाण्यासारखी ती जागाच नव्हती.

मी पत्र लिहायला बसलो. लिहिणं मला बोलण्यापेक्षा सोपं, असं मी समजत आलो आहे. 'चि. सौ. सुचेता हिस अनेक आशीर्वाद' असं लिहिलं आणि पेन थांबलं. आमच्या घरात संस्कृत काव्याची दोन कपाटं आहेत. त्यात 'स्तन' हा शब्द पानोपानी आहे. कलशाला, कमळाला, डोंगराला दिलेल्या उपमा मला पाठ आहेत, आणि तरुणपणी मी त्या मित्रांना मोठ्यानं म्हणून दाखवल्या आहेत. आता तोच शब्द कागदावर लिहिला आणि त्याला उपमाच सापडेना. तो फक्त एक अवयव होता, सुचेताचा, आणि त्याच्या आत काहीतरी होतं. मी तो खोडला आणि 'वक्ष' लिहिलं. ते हास्यास्पद दिसलं. 'छाती' लिहिलं, आणि रविवार आठवून तेही खोडलं. चौथ्या कागदावर मी लिहिलं, 'तुझ्या प्रकृतीविषयी काही बोलायचे आहे', आणि मला कळलं की हे पत्र वाचून ती संध्याकाळी समोर येईल आणि मग बोलावंच लागेल. सगळे कागद मी बारीक फाडले. कोपऱ्यावर कल्लाप्पाचं टेलिफोन बूथ आहे. तिथं गेलो. त्रिविक्रमला कळवावं, नवऱ्यानं बायकोला सांगावं, हे रीतीला धरून होतं. तिकडे रात्र असणार, पण उठवलं असतं. काचेच्या त्या कपाटाएवढ्या खोलीत शिरून मी दार लावलं. काचेला लागून दोन माणसं उभी. कल्लाप्पा हुबळीकडचा, त्याला मराठी चांगलं कळतं आणि गिऱ्हाइकाचं दुःख तो आपलं समजतो. मी रिसीव्हर कानाला लावला, आकडे फिरवले नाहीत. आतली हवा तापत होती. बाहेरच्या माणसानं घड्याळ बघितलं. त्रिविक्रमला काय सांगणार होतो मी? की तुझ्या बायकोनं मला जे सांगितलं नाही, ते मी ऐकलं? मी बाहेर आलो. कल्लाप्पानं विचारलं, लाइन मिळाली नाही का. मी नाही म्हणालो. ते खोटंही नव्हतं.

घरी परतताना मला ती खानापुराकडची बाई आठवली. आठवली म्हणणं बरोबर नाही. तीस वर्षं मी तिला एका जागी बसवून ठेवलं आहे, आणि ती अधूनमधून मान वर करते. नावही आता सांगत नाही. तिच्या शेताशेजारच्या माणसानं तिला धरलं होतं. साक्षीत तिनं मराठीत स्पष्ट सांगितलं, कुठं हात घातला ते, तिच्या गावाकडच्या शब्दात. माझं लग्न होऊन एकच वर्ष झालं होतं. कोर्ट भरलेलं होतं. मी कन्नडात म्हणालो, "त्यानं माझ्या अंगाला हात लावला." लिहून घेणाऱ्यानं तेवढंच लिहिलं. आरोपीच्या वकिलानं पुढं त्या 'अंगाला'चा खांदा केला आणि खांद्याचा धक्का केला, आणि माणूस किरकोळ शिक्षेवर सुटला. बाई फाटकाशी उभी होती. तिला थोडं कन्नड येत असावं. ती माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात राग होता असंही मला म्हणता येत नाही. मी सभ्यपणा केला होता. मला तेव्हा तसंच वाटलं होतं, हीच गोष्ट मी कुणाला सांगू शकलेलो नाही.

अकरा वाजता मी येलहंकाला निघालो. मॅजेस्टिकला बस बदलली. चंपाला घेऊन यावं, तिनं सुचेतासमोर बसून काय ते सांगावं, मी फार तर मधले शब्द पुरवीन, असा माझा बेत होता. जुन्या येलहंकात तिचं घर सापडायला वेळ लागला. दारातच मशीन, आणि ती परकर शिवत होती. मला बघून तिला आनंद झाला. रविवारी बायका फार छान हसत होत्या, असं ती म्हणाली. मी स्टुलावर बसून तिला सगळं सांगितलं, माझं जोडलेलं वाक्यसुद्धा. पाय थांबवून ती ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेलं. मग ती म्हणाली की तिची गाठ तिनं अकरा महिने कुणाला दाखवली नाही. दूध साकळलं असेल, असं समजली. दुखलं असतं तर दुसऱ्या दिवशी गेले असते, म्हणाली. दुखत नाही हीच त्याची लबाडी. ऑपरेशननंतर तिचा नवरा कृष्णमूर्ती कितीतरी दिवस भिंतीकडे तोंड करून झोपायचा. एक दिवस आपणहून म्हणाला, दाखव. बघितलं, आणि म्हणाला, टाके वाकडे घातलेत, तू घातले असतेस तर सरळ आले असते. हे सांगताना ती हसली आणि तिनं ब्लाउजवर सहज हात ठेवून सांगितलं की आत रागी, म्हणजे नाचणी, भरलेली कापडी पुरचुंडी आहे. कापूस चालत नाही, वजन दोन्हीकडे सारखं लागतं, नाहीतर खांदा उतरतो. मी मान खाली घातली नाही. घालायची राहून गेली.

माझ्याबरोबर चला, असं मी म्हटल्यावर मात्र तिनं मान हलवली. "यजमान्रे, मी आले तर तिला वाटेल, घरातल्या म्हाताऱ्यानं माझी गोष्ट येलहंकापर्यंत पोचवली." तशी मी ती पोचवलीच होती. ती पुढं म्हणाली, "चूक मराठीत झाली आहे. मला मराठी कुठं येतं?" मी तिला विचारलं, निदान सुरुवात कशी करू. ती पुन्हा मशीन चालवू लागली होती. कुठल्या बाजूला, एवढं विचारा, म्हणाली. आहे का नाही ते विचारू नका. नाही म्हणून टाकेल.

परतीच्या बसमध्ये मला बसायला जागा मिळाली आणि मी खिडकीच्या गजाला धरून राहिलो. दुपारचं ऊन, हेब्बाळचं तळं, सगळं बाजूनं जात होतं आणि मी पुढं जात नव्हतो. तिला सांगावं, आणि काही नसावं; मग उरलेलं आयुष्य त्या तीन खोल्यांत आम्ही एकमेकांकडे कसं बघणार? न सांगावं, आणि असावं. या दोन वाक्यांमध्ये मला बसवून बस चालली होती. मला एकदा असंही वाटून गेलं, आणि ते लिहिताना हात अडतो, की हे सगळं आपल्या मनाचे खेळ असतील, तिची दिवाळीपासूनची काळजी वेगळीच काही असेल. म्हणजे मीही तेच करत होतो जे चंपानं अकरा महिने केलं होतं.

पावणेसातला मी चौकात उभा होतो. बसमधून उतरल्यावर मला बघून ती दचकली. मी तिला कधी घ्यायला जात नाही. अमेरिकेहून काही कळलं का, असं तिनं विचारलं. नाही म्हटलं. आम्ही फुटपाथवरून चालू लागलो. तिच्या आणि माझ्या मध्ये तिची पिशवी होती. फुलवालीच्या टोपल्या गेल्या, रिक्षांची रांग गेली, आणि आमच्या गल्लीचं वळण दिसलं तसं मी म्हणालो, "सुचेता, रविवारी मी चुकीचं सांगितलं."

ती चालत राहिली. "माहीत आहे मला."

मी थांबलो असेन, कारण ती दोन पावलं पुढे जाऊन वळली. "बेडि म्हटलेलं कळतं मला, अण्णा. रोज बसमध्ये ऐकते. त्यांच्या बोलण्यात ते दोनदा आलं, तुमच्यात 'नका' एकदाच."

मग, असं मी विचारलं असावं. ती म्हणाली, "मग काय? म्हटलं, तुम्ही एवढी वर्षं कोर्टात होता, तुमचं बरोबर असेल. असावं, असं वाटलं." एक रिक्षा आमच्या अगदी जवळून गेली. ती म्हणाली, "किती दिवसांनी दोन रात्री झोपले मी. आणखी चार दिवस गप्प बसला असतात तर काय झालं असतं?"

त्यात चीड होती आणि ती माझ्यावरच होती. मला बरं वाटलं असं म्हणत नाही. पण त्या वेळी मला चंपानं शिकवलेलंही काही आठवत नव्हतं, आणि तरी तोंडून तेच आलं. "कुठल्या बाजूला?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. चार वर्षांत प्रथमच आम्ही एकमेकांकडे इतकं सरळ बघत होतो, आणि दोघांनाही तिथून निघता येत नव्हतं. "डाव्या," ती म्हणाली. मग म्हणाली, त्रिविक्रमला इतक्यात सांगायचं नाही. मी बरं म्हटलं. घरी येऊन तिनं कुकर लावला. मी खाकरायचं विसरून स्वयंपाकघरात गेलो, आणि काय न्यायला आलो ते न आठवून परत आलो.

गुरुवारी तिनं रजा टाकली. दवाखान्यात मी बाहेर बाकावर बसणार होतो, पुस्तकही नेलं होतं. नंबर आला तशी ती म्हणाली, आत चला. मी काहीतरी पुटपुटलो. ती म्हणाली, "डॉक्टर माझ्याशी इंग्रजी बोलतील. नर्सशी कन्नड बोलतील. मला नर्सशी बोललेलं हवंय." म्हणून मी हिरव्या पडद्याच्या अलीकडे, भिंतीकडे तोंड करून बसलो. भिंतीवर गरोदर बाईच्या आहाराचा तक्ता होता. पडद्याच्या कड्या सरकल्या, कागद वाजला, नळ सुटला आणि बंद झाला. डॉक्टरीणबाई मध्यमवयीन, आवाज कोरडा. सुचेताला इंग्रजीत म्हणाल्या, हात डोक्यामागे घ्या; श्वास सोडा; एक सुईची तपासणी करून घेऊ, काळजी करू नका. मग त्या नर्सला लिहून घ्यायला सांगू लागल्या, अर्धं इंग्रजीत, अर्धं कन्नडात, हळू. कन्नडात त्या स्वतःशी बोलल्यासारखं बोलत होत्या. मी एकतीस वर्षांत कुणाचं ऐकलं नाही तसं ऐकत होतो. तक्त्यातल्या पालेभाज्यांची नावं मी तेव्हा वाचली, ती अजून ओळीनं सांगता येतील.

तपासणी संपली. सुईसाठी शेजारच्या खोलीत बोलावतील, असं सांगून आम्हाला बोळात बसवलं. ती माझ्या शेजारी बसली. पदर तिनं दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला होता. समोरून स्ट्रेचर गेलं. ते जाऊ देऊन ती म्हणाली, "सांगा."

मी सांगितलं. गाठ लिंबापेक्षा लहान आहे. कातडीला चिकटलेली नाही, ते चांगलं. कडा मात्र नीट गोल लागत नाहीत, ते त्यांना आवडलेलं नाही. काखेतही एक बारीक लागते; ती कशाची ते आज कळणार नाही. सुईत वाईट निघालं तर वाट बघायची नाही, पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन. सगळा स्तन काढावा लागेल की नाही, ते त्या आज सांगू शकत नाहीत, पण लागेल असं धरून चालावं. नर्सनं विचारलं, वाचेल ना. त्या म्हणाल्या, आत्ता आली आहे, म्हणून मला आशा आहे. हीच उन्हाळ्यानंतर आली असती तर मी असं म्हटलं नसतं. हे सगळं मी सलग, न थांबता, तिच्याकडे बघून म्हटलं. तो शब्द मी उच्चारला हे मला ती दुसरीकडे बघू लागल्यावर कळलं.

ती ऐकत होती. डाव्या हाताच्या बोटांनी बाकाची कड धरलेली. तिनं विचारलं, "एवढंच?"

एवढंच, असं म्हणता आलं असतं. जे उरलं होतं त्याचा तपासणीशी काही संबंध नव्हता, आणि कुठल्याही शहाण्या माणसानं ते बोळात आणलं नसतं. मी म्हटलं, "नाही. शेवटी पडदा सरकवताना त्या म्हणाल्या, पाप, चिक्क हुडुगी."

"म्हणजे?"

"बिचारी. लहान मुलगी आहे."

सुचेताचा चेहरा हलला. हसू होतं की काय, मला ठरवता आलं नाही. डोळे भरले होते आणि नाक लाल झालं होतं. "तेवढं गाळलं असतंत तरी चाललं असतं, अण्णा," ती म्हणाली.

शेजारच्या खोलीचं दार उघडून कुणीतरी तिचं नाव घेतलं, कन्नड वळणानं, शेवटचा आकार ओढून. ती उठली. मीही उठलो, तर तिनं मला खांद्याला धरून खाली बसवलं. "इथंच बसा. कुठं जाऊ नका," म्हणाली, आणि आत गेली. दार बंद झालं. दारावर काच नव्हती.